मातीचा माणूस उभा कसा राहतो

ओल्या मातीला उभं राहता येत नाही. शाडूचा एक गोळा घ्या, लांबट करा, खालच्या टोकाला चिमटून घोटा आणि पाऊल काढा, वर मांडी आणि धड चढवा. धड चढवेपर्यंत घोट्यापाशी बाक येतो, आणि डोकं बसवायच्या आत सगळी आकृती पाटावर बसकण मारते. मानवाकृती शिल्प शिकवणारी जी सलग काही दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारी कार्यशाळा असते, तिचा सगळा अभ्यासक्रम या एका अडचणीत आहे. जड आणि लिबलिबीत पदार्थातून, दोन निमुळत्या पायांवर तोललेला माणूस उभा करायचा. डोळे, ओठ, बोटं, केस यांची पाळी फार उशिरा येते.

चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान, आणि आकाराने चपटे असतात. दोन चपट्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की ते एकमेकांवरून सरकतात आणि दाब काढला की जिथे गेले तिथेच थांबतात. बोटाचा ठसा मातीत राहतो तो यामुळे. पण ज्या गुणामुळे माती हातात हवा तो आकार घेते, त्याच गुणामुळे ती स्वतःच्या वजनाखालीही सरकते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणसाच्या एक-तृतीयांश उंचीची, म्हणजे पावणेदोन फुटांच्या आसपासची आकृती धरू. उंची तिसऱ्या हिश्शावर आली की आकारमान सत्ताविसाव्या हिश्शावर येतं. ६५ किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ६५ लिटर; त्याचा सत्ताविसावा भाग म्हणजे जेमतेम अडीच लिटर. ओली माती पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते, म्हणजे साडेचार ते पाच किलो झाले. एवढं वजन अंगठ्याच्या जाडीच्या दोन घोट्यांवर यायचं. आपले घोटे आपल्याला पेलतात कारण आत हाड आहे. मातीच्या माणसालाही हाड द्यावं लागतं.

त्या हाडाला शिल्पकार आर्मेचर म्हणतात. जाड प्लायवूडचा पाट, त्यावर पक्का बसवलेला लोखंडी पाइप, पाइपला वरून आडवं वळण, आणि ते वळण आकृतीच्या पाठीत, कमरेच्या जरा वर शिरतं. सगळं वजन खरं तर या पाइपवर असतं. पाय पाटाला टेकलेले दिसले तरी ते काही उचलत नाहीत. पाइपच्या टोकापासून ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे दोन पाय, दोन हात, एक मान. तार सहज वाकते, गंजत नाही, आणि दुहेरी पिळून घेतली की माती तिच्यावरून घसरत नाही. धडासारख्या जाड भागात मोठा गोळा खाली ओघळू नये म्हणून लाकडाच्या छोट्या काड्यांच्या फुल्या बारीक तारेने बांधून आत लोंबत्या ठेवतात. माती त्या फुल्यांना धरून राहते. लोखंडाला रंग किंवा शेलॅक दिलं नाही तर ओल्या मातीत ते गंजतं आणि आकृतीच्या अंगावर तांबडे डाग फुटतात.

मोठ्या कामालाही हा नियम सुटत नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे राम सुतार यांनी घडवलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा बाहेरून ब्राँझचा दिसतो. पण त्याचा भार पेलतात आतले काँक्रीटचे दोन गाभे. ब्राँझचं कातडं पोलादी सांगाड्यावर टांगलेलं आहे. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटॉसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात भालाधारी तरुणाची मूर्ती ब्राँझमध्ये ओतली होती. मूळ मूर्ती नाहीशी झाली, पण तिच्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रतिकृती आहेत, आणि त्यांत त्या तरुणाच्या पायामागे झाडाचं एक खोड आलेलं आहे. त्या खोडाला काही अर्थ नाही. संगमरवराचे घोटे एवढा भार सोसत नाहीत, म्हणून ते आलं. पोकळ ब्राँझला ते लागलं नव्हतं.

आर्मेचर बांधायला बसलं की पहिला मोठा धडा मिळतो: आकृती कशी उभी आहे हे ठरल्याशिवाय तार वाकवताच येत नाही. गुडघा कुठे, खुबा कुठे, कोणता खुबा वर, मान कुठल्या रेषेत, हे आधी पक्कं करावं लागतं. तार चुकीच्या जागी वाकवली तर तिसऱ्या दिवशी, मांडी छान भरून आल्यावर, ती गुडघ्याच्या वाटीतून बाहेर डोकावते. मग मांडी, पोटरी सगळं उतरवून पुन्हा. त्यामुळे चांगला शिक्षक मातीला हात लावू देण्याआधी ओळंबा हातात देतो. हाच तो गवंड्याचा ओळंबा, दोरीला लोंबणारं वजन. समोर मॉडेल उभं असतं. शिकणाऱ्याने दूर उभं राहून, एक डोळा मिटून, ओळंब्याची दोरी मॉडेलच्या गळ्याखालच्या खळगीवर धरायची आणि ती खाली कुठे जाते ते बघायचं.

दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोरी दोन पावलांच्या मधोमध पडते. भार एका पायावर गेला की ती सरकत त्या पायाच्या आतल्या घोट्यावर येते. आणि एवढ्या एका सरकण्याने सगळ्या शरीराची मांडणी बदलते. भार घेतलेल्या पायाच्या मांडीचं हाड खुब्याच्या वाटीला खालून वर रेटतं, त्यामुळे त्या बाजूची कंबर वर जाते. दुसऱ्या बाजूची कंबर खाली उतरते आणि त्या बाजूचा पाय लांब उरल्यामुळे गुडघ्यात वाकतो. आता धड एका अंगाला कललं; ते तसंच राहिलं तर माणूस पडेल. म्हणून पाठीचा कणा उलट वळण घेतो, बरगड्यांचा पिंजरा भाराच्या बाजूला झुकतो, त्या बाजूचा खांदा खाली येतो, आणि मान पुन्हा थोडी उलट कलून डोकं तोलात आणते. कमरेची रेषा एकीकडे उतरती आणि खांद्यांची दुसरीकडे. डोकं, बरगड्यांचा पिंजरा आणि श्रोणी हे तीन कठीण गोळे एकावर एक असे वाकडे रचलेले असतात. मधली मान आणि पोट ही मऊ, वळणारी जागा.

हे समजायला मॉडेलही लागत नाही. मूल कडेवर घेतलेली बाई बघा. एक खुबा बाहेर काढून तिने मुलाला बसायला जागा केलेली असते. त्या बाजूचा पाय ताठ, दुसरा सैल, आणि धड मुलाच्या उलट बाजूला झुकलेलं. मुलाचं वजन आणि तिचं वजन मिळून जो तोल होतो, तो तिच्या कण्याने आपोआप सांभाळलेला असतो. मूर्तिशास्त्राने या उभं राहण्याच्या तऱ्हांना नावं दिली आहेत: समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग. विटेवरचा विठ्ठल समचरण उभा आहे, दोन्ही पायांवर सारखा भार, हात कमरेवर, डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी. असा माणूस कुठेही निघालेला नसतो. त्याच्या उभं राहण्यात थांबणं आहे, आणि अठ्ठावीस युगांची कल्पना त्या पवित्र्यातच बसते. घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीश्वर बघा. शिवाचा अर्धा भाग नंदीवर कोपर टेकून रेललेला, आणि पार्वतीच्या बाजूचा खुबा मोठ्या डौलाने बाहेर आलेला. दोन वेगळी शरीरं एका कण्यावर जोडताना त्या अनाम शिल्पकाराने तोल ढळू दिलेला नाही. मी त्या शिल्पासमोर उभा राहतो तेव्हा मला त्याचं धाडस तत्त्वज्ञानापेक्षाही या कण्यात दिसतं.

पाश्चात्त्य शिल्पाच्या इतिहासात हा टप्पा फार स्पष्ट दिसतो. ग्रीसमधले जुने उभे तरुण एक पाय पुढे टाकतात, पण कंबर आणि खांदे सपाट आडवे असतात. पाऊल पुढे गेलं तरी भार हललेला नाही. ख्रिस्तपूर्व ४८० च्या सुमारास अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या एका संगमरवरी मुलाची कंबर तिरकी झाली. तेवढ्याने तो श्वास घेतोय असं वाटू लागलं.

कार्यशाळेचा पहिला दिवस बहुधा छोट्या आकृत्यांत जातो. वीतभर उंची, आर्मेचर नाही किंवा एखादी तार, आणि दहा ते वीस मिनिटांत एक पोझ. या वेळात कोणालाही चेहरा करायला सवड मिळत नाही, आणि तोच हेतू असतो. माती चिमटीने न लावता छोट्या गोळ्यांनी दाबून लावायची, गुळगुळीत करायची नाही, तीन गोळे कसे कलले आहेत तेवढंच पकडायचं. नवख्या माणसाचा हात तरीही डोक्याकडे जातो. आपण आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचलेले असतात, पाठी वाचलेल्या नसतात, त्यामुळे समोरची बाजू भरते आणि मागची कोरडी राहते. बाजूने पाहिलं तर आकृती बोर्डावर चिकटवल्यासारखी सपाट. तेव्हा शिक्षक मागून येऊन पाट गर्रकन फिरवतात आणि म्हणतात, “डोळे नंतर. आधी कंबर बघा, मागून बघा.”

फिरता पाट हे या खोलीतलं सगळ्यात महत्त्वाचं साधन आहे असं माझं मत आहे, कोरण्या आणि मापं घ्यायच्या कॅलिपरपेक्षाही. मॉडेलचा चौथरा फिरतो, शिकणाऱ्याचा पाटही फिरतो. दोन्ही सारखे फिरवायचे आणि प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट बघायची: पार्श्वभूमीवर दिसणारी शरीराची कड. कड जुळवली, पंधरा-वीस अंश फिरवलं, पुन्हा कड. अशा कडा जुळत गेल्या की आतला घनाकार आपोआप खरा होत जातो, कारण एका बाजूची कड ही दुसऱ्या बाजूने पाहिलेली छाती किंवा पाठ असते. ही पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो ऑग्युस्त रोदँ मॉडेलला वरून बघण्यासाठी शिडीवर चढत असे. डोक्याच्या वरून पाहिलं की खांदे, छाती, कंबर, पावलं एकमेकांवर कशी पिळलेली आहेत ते एका नजरेत कळतं, आणि समोरून ते कधीच कळत नाही.

या पद्धतीची किंमत रोदँला मोजावी लागली. ब्रसेल्समध्ये असताना ऑग्युस्त नेट या तरुण बेल्जियन सैनिकाला समोर ठेवून त्याने जवळजवळ दीड वर्ष एका माणसाएवढ्या आकृतीवर काम केलं. मध्ये इटलीला जाऊन मायकेलअँजेलोची शिल्पं पाहून आला. सुरुवातीला आकृतीच्या हातात भाला होता. बाजूने पाहताना तो कडेच्या आड येतो म्हणून काढून टाकला. १८७७ मध्ये ही आकृती, ‘द एज ऑफ ब्राँझ’, लोकांसमोर आली तेव्हा ती इतकी खरी वाटली की त्याने जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढला असा आरोप झाला. आपलं काम सिद्ध करायला त्याला नेटची छायाचित्रं पुढे करावी लागली. १८८० मध्ये फ्रेंच सरकारने ती मूर्ती विकत घेतली. पुढचं ‘सेंट जॉन द बॅप्टिस्ट’ त्याने माणसापेक्षा मोठंच केलं, म्हणजे अंगावरून साचा काढल्याची शंकाच नको. त्या शिल्पातला माणूस चालतो आहे, आणि त्याची दोन्ही पावलं पूर्ण टेकलेली आहेत. चालताना कोणाचीही दोन्ही पावलं अशी एकदम टेकत नाहीत. मागच्या पायावरचा भार आणि पुढच्या पायावर येणारा भार, असे दोन क्षण रोदँने एका शरीरात ठेवले. भार कळलेल्या माणसालाच असं करता येतं.

मॉडेलबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण तिच्या किंवा त्याच्या श्रमाचा उल्लेख फार कमी होतो. एका पायावर भार देऊन वीस-पंचवीस मिनिटं न हलता उभं राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे. म्हणून ठरावीक वेळाने पाच-दहा मिनिटांची विश्रांती असते आणि पावलांभोवती खडूने रेघ मारून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर तीच जागा सापडते. तरी पोझ तीच राहत नाही. स्नायू थकले की भार हाडांवर आणि अस्थिबंधांवर बसतो. खुबा आणखी बाहेर येतो, छाती खचते, मान पुढे येते. दुपारचं शरीर सकाळच्या शरीरापेक्षा खाली बसलेलं असतं. ज्याने पहिल्या अर्ध्या तासात मुख्य मापं घेऊन ठेवली तो आपल्या आकृतीला धरून राहतो. ज्याने घेतली नाहीत तो दिवसभर मॉडेलच्या थकव्याचा पाठलाग करत राहतो.

मापं हाडांवरून घ्यायची, मांसावरून कधीच नाहीत. गळ्याची खळगी, मानेच्या मागे वर आलेला सातवा मणका, कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं, खुब्याच्या बाहेर हाताला लागणारं मांडीच्या हाडाचं टोक, गुडघ्याची वाटी, घोटे. जाड माणूस असो की बारीक, या जागी हाड कातडीच्या जवळ येतं आणि कॅलिपर टेकवता येतो. प्रमाणांचे ठोकताळेही शिकवतात. उभा प्रौढ माणूस स्वतःच्या डोक्याच्या साडेसातपट उंच धरतात, उंचीचा मध्य जांघेपाशी येतो, डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. शेवटचं वाक्य ऐकल्यावर नवखे लोक विश्वास ठेवत नाहीत, कॅलिपर लावून बघतात, आणि मग आपण केलेल्या प्रत्येक डोक्याचं कपाळ अर्धं कापलेलं आहे हे त्यांच्या लक्षात येतं. आपल्याकडचं तालमान याहून शिस्तीचं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत चेहरा बारा अंगुळांचा आणि पूर्ण मूर्ती १०८ अंगुळांची सांगितली आहे, म्हणजे नऊ ताल. देवाची मूर्ती कोणत्याही गावात, कोणत्याही हाताने घडली तरी ती देवाचीच वाटावी, यासाठी ते मान आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला ते लावलं तर तो माणूस हरवतो. त्याची आखूड मांडी आणि लांब नडगी हीच त्याची ओळख असते.

पायांवर थोडं थांबतो, कारण आकृती बिघडते ती बहुतेक पायांतच. नवख्याचा पाय खांब असतो. खरा पाय कुठेच सरळ नाही. मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत झुकतं. बाजूने पाहिलं तर मांडी पुढे फुगते आणि पोटरी मागे, त्यामुळे सगळा पाय एक लांब, सौम्य वळण घेत खाली येतो. पोटरीचा बाहेरचा फुगा वर असतो आणि आतला खाली. घोट्याला बरोबर उलट, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली. या आलटून-पालटून येणाऱ्या उंचवट्यांतून भार वरून खाली उतरत गेलेला दिसतो. दोन्ही घोटे एका उंचीवर केले की पाय तिथेच मरतो, बाकी सगळं कितीही नीट असलं तरी.

आता कार्यशाळा सलग का असावी, आठवड्यातून एकदाचा वर्ग का पुरत नाही, याकडे येतो. मातीचं स्वतःचं घड्याळ असतं. पहिल्या दिवशी ती मऊ असते; मोठे गोळे लागतात, वाकतात, एका दाबात सगळी मांडी जागेवर येते, पण बारीक कोरीव काम तिच्यात टिकत नाही. दोन-तीन दिवसांत, ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत, फवारा मारत ठेवलेली माती हळूहळू घट्ट होते. आता फळीने ठोकून पृष्ठभाग पाडता येतात, तारेच्या कोरणीने माती काढता येते, कड धारदार राहते. शेवटी ती कातड्यासारखी झाली की पापणीची कड, नखाची रेघ अशा गोष्टी घेता येतात. शिल्पाचा योग्य क्रम हाच आहे: आधी तोल, मग घनाकार, मग पृष्ठभाग, शेवटी बारकावे. मातीने तो आपल्या वाळण्याच्या गतीत बांधून ठेवलेला आहे. सलग काम करणाऱ्याला क्रम पाळावाच लागतो, कारण पहिल्या दिवशी डोळे कोरायला गेलं तर माती ऐकत नाही. आठवड्याच्या अंतराने येणाऱ्याची माती मात्र वरून सुकलेली, आतून ओली, बोटं आणि कान भुरभुरलेले अशी सापडते. तासातला अर्धा वेळ तिला पुन्हा कामाजोगी करण्यात जातो. नजरेचंही असंच आहे. सकाळी पाहिलेला खुबा संध्याकाळपर्यंत लक्षात राहतो, पुढच्या रविवारपर्यंत राहत नाही.

आर्मेचरवरची आकृती भट्टीत जात नाही. वाळताना माती शेकडा पाच ते दहा आक्रसते, तार आक्रसत नाही. आकृती तारेवरच तडकते. भाजायची असेल तर ती वेगळ्या रीतीने, बाहेरून टेकू देऊन घडवतात किंवा कापून आतून पोकळ करतात, भिंत दोन-तीन सेंटीमीटरची ठेवतात आणि फार सावकाश सुकवतात. नाही तर साचा काढतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्समला तापवून त्यातलं बरंचसं पाणी घालवलेली भुकटी. पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होते, वीसेक मिनिटांत घट्ट होते आणि होताना हाताला चांगली गरम लागते. मातीच्या आकृतीवर पहिला पातळ थर नीळ घातलेल्या प्लास्टरचा, त्यावर जाड पांढरा. साचा उघडून आतली माती खरवडून काढायची, साबणाचा हात द्यायचा, आत नवं प्लास्टर ओतायचं आणि मग बोथट छिन्नीने बाहेरचा साचा फोडत जायचं. निळा थर दिसला की हात हलका करायचा. मूर्ती आता अगदी जवळ आहे. या क्रियेत मातीची मूळ आकृती आणि साचा दोन्ही नष्ट होतात आणि एकच प्रत हाती येते. खरवडून काढलेली माती पाण्याच्या पिंपात जाते, मळून पुन्हा वापरतात.

महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. घरात गणपतीच्या मूर्ती घडत. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेला घोड्यावरचा शिवाजी पाहून तिथले कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. जे. जे. १८५७ मध्ये सुरू झालं होतं आणि तिथे ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतींवरून अभ्यास करून घेत. नग्न मॉडेलसमोरचे वर्ग तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९१९ नंतर, सुरू झाले. गणपतराव म्हात्रे यांनी तिथेच विद्यार्थिदशेत, १८९६ मध्ये घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ त्याआधीची. पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी, प्लास्टरमध्ये. तिच्या लुगड्याच्या चुण्या बघाव्यात. जिथे शरीर कापडाला आतून टेकतं तिथे कापड ताणलेलं आहे, जिथे आधार सुटतो तिथे ते सैल पडतं, आणि त्या ताण-सैलातून आतल्या पायांवरचा भार वाचता येतो. विशीतल्या विद्यार्थ्याने हे केलं याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कार्यशाळेत वस्त्र शिकवताना हेच सांगतात: आधी उघडं शरीर पूर्ण घडवायचं, कापड त्यावर शेवटी चढवायचं, मग ते अगदी पायघोळ का असेना.

आपल्या चौकांत उभ्या असलेल्या कितीतरी पुतळ्यांत ही पायरी गाळलेली दिसते, आणि ते पाहून मन दुखतं. चेहरा फोटोवरून जुळवलेला, चष्मा, पागोटं, कोटाची बटणं सगळं जागच्या जागी. पण धोतराच्या किंवा पँटच्या आत पायच नसतात. कंबर सपाट, खांदे सपाट, दोन्ही बुटांवर सारखाच भार, जणू कपडे सिमेंटने भरून उभे केले आहेत. ज्यांनी आयुष्यभर पायपीट केली, मोर्चे काढले, कारावास भोगला, त्या माणसांच्या शरीरात त्यांच्या चालण्याची काहीच खूण नाही. पैसा किंवा माती कमी पडली म्हणून हे होत नाही. उद्घाटनाच्या तारखेची घाई असते, आणि समितीची पाहणी पुढून, चेहरा जुळला का एवढ्यापुरती होते. पुतळा मंजूर करणाऱ्यांनी मातीच्या अवस्थेत त्याच्याभोवती एक फेरी मारून मागून, बाजूने, शक्य असेल तर शिडीवरून बघितलं पाहिजे, आणि शिल्पकाराला तेवढा वेळ दिला पाहिजे.

हे ताडून बघायचं असेल तर सासवण्याला जावं. करमरकरांच्या घरात आणि अंगणात त्यांची शिल्पं ठेवलेली आहेत, बरीचशी सिमेंटमधली: गावातली माणसं, बायका, जनावरं. घारापुरीचा अर्धनारीश्वर भिंतीत कोरलेला आहे, त्याच्या पाठीमागे जाता येत नाही. इथे जाता येतं. सुरुवात पाठीकडून करावी, कोणता खुबा वर आहे ते आधी शोधावं, तिथून खाली घोट्यापर्यंत आणि वर मानेपर्यंत यावं, आणि चेहरा सगळ्यात शेवटी बघावा.